पहिलं प्रूफ

डंडी. मंगळवार, सकाळचे पावणेआठ.
वॉर्डाच्या खिडकीतून टे नदी दिसते.
नदी कसली, खाडीच. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर
सील लोळतात, गोदामात टाकलेल्या पोत्यांसारखे.
या गावात एकेकाळी पोत्यांचाच धंदा होता,
शेजारच्या खुर्चीतून ग्रेगर गोर्ली सांगतो.
बस चालवायचा तो, बावीस वर्षं.
आता उजवा पाय ब्रेक शोधत राहतो,
ब्रेक नसलेल्या फरशीवर.

नर्सचं नाव लिहितात म-नं, म्हणतात व्हारी.
लिहिलेलं एक आणि वाचलेलं दुसरं,
याची मला सवय आहे.
मेंदू लिहितो 'ऊठ',
पायापर्यंत पोचतो नुसता 'ऊ'.

डॉक्टर लिंकलेटर सगळ्यांना वायरीचं उदाहरण देतात,
वरचं रबर गेलेलं, आतली तार उघडी.
मी मान डोलावते. अकरा वर्षं डोलावते आहे.
आग विझवणारी औषधं मध्यंतरी बरीच निघाली.
माझ्याकडे आता आग नाही,
नुसती झीज.

संमतीपत्र चोवीस पानांचं. सातव्या पानावर
एक वाक्य फार सभ्यपणे बसलं आहे:
या चाचणीचा आपल्याला स्वतःला लाभ होईल
अशी अपेक्षा नाही.
मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं:
बाई, हे तुमच्यासाठी नाही.
आणि सही केली.
वाकडी आली, तरी चालली.

मग नऊ भोकांची पाटी.
नऊ खुंट्या एकेक करून बसवायच्या, परत काढायच्या,
व्हारीच्या हातात घड्याळ.
चौथी खुंटी निसटली, टेबलाखाली गेली,
आणि मला सांगलीचा छापखाना दिसला.
अप्पा केससमोर उभे, न बघता
घराघरातून खिळे उचलतायत, उलटी अक्षरं,
काना, वेलांटी, जोडाक्षर,
बोटांना जणू स्वतःचे डोळे.
एवढ्या वेळात त्यांची ओळ भरून झाली असती.
माझी पाटी: अडतीस सेकंद, उजवा हात.
डाव्याचं विचारू नका.

अप्पा पहिलं प्रूफ कुणाला वाचू द्यायचे नाहीत.
ते वाचायचं नसतं, म्हणायचे,
चुका पकडायच्या असतात त्यात.
ओल्या कागदावर लाल शाई, समासात खुणा,
संध्याकाळी तोच कागद
मशीन पुसायला.
पुस्तक आलं की लोक पुठ्ठा बघायचे, वास घ्यायचे.
पहिल्या प्रूफाची आठवण
कुणी काढल्याचं ऐकलं नाही.

ग्रेगर पहिल्या गटातला. वर्षाची तपासणी द्यायला आलाय.
त्याला मिळाला तो डोस मुंगीलाही पुरला नसता.
'मला काही झालं नाही,' तो म्हणतो,
'चांगलं नाही, वाईट नाही.
म्हणून तर तुला जास्त देतायत.'
आणि हसतो, जणू स्टॉपवर थांबून
मला आधी चढू दिलं.

मी तिसऱ्या गटातली.
माझ्यामागे चौथा, पाचवा, त्यानंतर किती कोण जाणे.
त्यातल्या कुणाच्या तरी पायाला
आज नुसत्याच मुंग्या येत असतील
आणि ती म्हणत असेल, चप्पल बदलायला हवी.

सलाइनचा थेंब सुटला.
दर पंधरा मिनिटांनी दंडाला पट्टा,
दर पंधरा मिनिटांनी तोच प्रश्न: काही वेगळं वाटतंय?
नाही. नाही. भरती चढली, वाळू गेली,
सील कुठे गेले बघायचं राहून गेलं.
काही वेगळं?

थांब, म्हटलं. लिही.
तोंडात चव येतेय, धातूची.
कुठल्या धातूची, तिनं विचारलं.
असा प्रश्न फॉर्मवर नसणार, तरी विचारला.
शिशाची, मी म्हणाले,
अप्पांच्या डब्यातल्या पोळीला यायची तशी.

तिनं पोळी सोडून बाकीचं लिहिलं
आणि समासात वेळ घातली:
नऊ बेचाळीस.